प्रोग्राम विचारत नाही, पुसून टाकतो

१४ डिसेंबर २०२१. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक प्रोग्राम नेहमीसारखा कामाला लागला. काम रोजचेच होते. संशोधकांच्या माहितीची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, तयार ठेवायची आणि त्या कामात साठलेल्या, दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदींच्या फाइल पुसून टाकायच्या. १६ डिसेंबरच्या दुपारी पाऊणच्या सुमारास हा प्रकार थांबला, तोपर्यंत जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या स्वतःच्या फाइल पुसल्या गेल्या होत्या. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल आणि ७७ टेराबाइट माहिती. घरच्या साध्या लॅपटॉपमध्ये एक टेराबाइटची डिस्क असते असे धरले, तर असे ७७ लॅपटॉप काठोकाठ भरतील एवढी. १४ संशोधनगटांना याचा फटका बसला. त्यांतल्या ४ गटांची माहिती बॅकअपमधूनही परत मिळण्यासारखी नव्हती.

यात कोणी हॅकर नव्हता. आग लागली नव्हती, डिस्क बिघडली नव्हती. माहिती जपण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामनेच ती पुसली होती. महासंगणक पुरवणाऱ्या हेवलेट-पॅकार्डच्या जपानमधील कंपनीने संपूर्ण जबाबदारी आपली असल्याचे लेखी मान्य केले.

साध्या माणसाला यात एक प्रश्न पडतो. घरच्या संगणकावर एक फोटो काढून टाकायचा म्हटले तरी ‘नक्की डिलीट करायचे का?’ असे विचारले जाते. मग कोट्यवधी फाइल जात असताना त्या संगणकाने एकदाही का विचारले नाही?

विचारणारा वेगळा, पुसणारा वेगळा

पडद्यावर दिसणारा तो प्रश्न आणि कचऱ्याच्या टोपलीचे ते चित्र ही माणसांसाठी केलेली सोय आहे. ॲपलच्या ‘लिसा’ या संगणकावर १९८३ मध्ये अशी टोपली होती. विंडोज ९५ बरोबर ‘रीसायकल बिन’ आली आणि ती घरोघरी पोहोचली. टोपलीत टाकलेली फाइल खरे तर पुसली जात नाही. ती एका फोल्डरमधून उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. म्हणूनच ती परत काढता येते.

या सोयीच्या खाली, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, पुसण्याची खरी आज्ञा असते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ती आहे आणि आजच्या अनेक संगणकांत व फोनमध्ये तिचेच वारस काम करतात. तिचे नाव ‘अनलिंक’. तिला फाइलचा पत्ता सांगायचा, म्हणजे कोणत्या फोल्डरच्या आत कोणता फोल्डर आणि त्यात कोणत्या नावाची फाइल. परवानगी असेल तर फाइल जाते. टोपली नाही, प्रश्न नाही, ‘झाले’ असा निरोपही नाही. सी, जावा, पायथॉन यांसारख्या भाषांत लिहिलेला प्रोग्राम फाइल पुसतो तेव्हा तो थेट ही खालची आज्ञा वापरतो. प्रश्न विचारायचा असेल तर तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः त्यात घालावा लागतो. आणि रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने विचारले तरी उत्तर द्यायला समोर कोण असणार?

पाटीवरचे नाव आणि घरातले सामान

‘अनलिंक’ या नावातच तिचे काम सांगितलेले आहे. ती फाइलमधला मजकूर पुसत नाही, नावाचा मजकुराशी असलेला दुवा तोडते. सोसायटीच्या जिन्याखाली रहिवाशांच्या नावांची पाटी असते, तशी डिस्कवर प्रत्येक फोल्डरची यादी असते. अमक्या नावाची फाइल अमक्या जागी, एवढेच त्या यादीत लिहिलेले असते. फाइल डिलीट केली की पाटीवरचे नाव निघते आणि ती जागा रिकामी असल्याची नोंद होते. आतले सामान लगेच हलत नाही. नवा भाडेकरू आला की मग जुन्याचे सामान जाते. एकाच घराला पाटीवर दोन नावे असू शकतात, तसे युनिक्समध्ये एकाच मजकुराला दोन नावे देता येतात. त्यातले एक पुसले तरी मजकूर राहतो. शेवटचे नाव गेले की जागा मोकळी होते.

जुन्या डॉस प्रणालीत तर फाइल पुसताना यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी फक्त एक विशिष्ट खूण केली जाई. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेल्या फाइल परत आणणारा प्रोग्राम बाजारात आणला, तो याच आधारावर.

याची दुसरी बाजू अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवली. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक, पत्रव्यवहार, आजारपणाची माहिती असे काय काय शिल्लक होते. काही मालकांनी फाइल डिलीट केल्या होत्या, काहींनी डिस्क ‘फॉरमॅट’ही केली होती. त्यांच्या दृष्टीने डिस्क कोरी होती. पाटी कोरी झाली होती, सामान घरातच होते.

आजच्या एसएसडी डिस्कमध्ये चित्र बदलले आहे. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला कळवते की अमुक जागा आता नको आहे आणि डिस्क सवडीने ती स्वतःच साफ करते. त्यामुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

रिकामा असेल तरच

फाइलपेक्षा फोल्डर पुसण्यात धोका जास्त, आणि जुन्या जाणत्यांनी तो ओळखला होता. युनिक्समध्ये फोल्डर काढायची वेगळी आज्ञा आहे आणि ती फक्त रिकामा फोल्डर काढते. आत एक फाइल जरी असली तरी ती काम नाकारते. म्हणजे भरलेला फोल्डर काढायचा तर आधी आतल्या फाइल एकेक करून काढायच्या, आतले फोल्डर तसेच रिकामे करायचे आणि शेवटी बाहेरचा फोल्डर काढायचा.

हे कंटाळवाणे काम एका दमात करणारी साधने मग तयार झाली. लिनक्सवरची ‘आरएम’ ही आज्ञा सर्वांत प्रसिद्ध. तिला ‘आर’ हे अक्षर जोडले की ती आतले सगळे खणत जाते आणि ‘एफ’ जोडले की कुठेही न विचारता पुसते. पायथॉनमध्ये ‘आरएम-ट्री’ म्हणजे अख्खे झाड काढण्याची सोय आहे. एका ओळीत काम होते. पण नाकारण्याचा जो पहारा जुन्या आज्ञेत होता, तो या ओळीत राहत नाही.

घात होतो तो नावात

पुसणाऱ्या आज्ञेला फाइलचे मोल कळत नाही. तिला फक्त नाव कळते. त्यामुळे गाजलेले बहुतेक अपघात पुसण्याच्या क्रियेत झालेले नाहीत, ते तिला दिलेल्या नावात झालेले आहेत.

२०११ मध्ये लिनक्ससाठीच्या ‘बंबलबी’ नावाच्या एका प्रोग्राममध्ये एका लांबलचक पत्त्याच्या मधोमध चुकून एक मोकळी जागा पडली. संगणकाच्या दृष्टीने एका पत्त्याचे दोन पत्ते झाले. त्यातला पहिला होता ‘यूएसआर’ या फोल्डरचा. लिनक्समधले बहुतेक प्रोग्राम याच फोल्डरमध्ये राहतात. ज्यांनी हा प्रोग्राम बसवला, त्यांच्या संगणकातला हा सगळा फोल्डर गेला. कारण काय, तर स्पेसबारचा एक ठोका.

२०१५ च्या जानेवारीत ‘स्टीम’ या गेमच्या प्रोग्रामबद्दल तक्रार आली. स्टीमचा फोल्डर कुठे आहे ते आधी शोधायचे, ते एका नावाच्या डब्यात ठेवायचे आणि मग ‘त्या फोल्डरमधले सगळे पुसा’ असे सांगायचे, अशी त्याची रचना होती. फोल्डर हलवलेला असेल तर शोध फसायचा आणि डबा रिकामा राहायचा. मग आज्ञेत ‘त्या फोल्डरमधले सगळे’ यातले ‘त्या फोल्डरमधले’ एवढे गळून जायचे आणि उरायचे ‘सगळे’. तक्रार करणाऱ्याच्या घरच्या फाइल तर गेल्याच, संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपच्या फाइलही गेल्या. विशेष म्हणजे त्या ओळीच्या वर, ही ओळ भीतिदायक आहे अशा अर्थाचा शेरा प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवला होता. शेऱ्याने धोका टळत नाही. डबा रिकामा आहे का हे पाहणारी एक ओळ लिहिली असती तर टळला असता.

कधी नाव बरोबर असते, पण यंत्र चुकते. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या सेवेच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा एक फोल्डर पुसला. तो पुसायचा होता राखीव सर्व्हरवर. पुसला गेला मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन काम थांबवेपर्यंत एखाद-दोन सेकंदच गेले होते, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते. मग बॅकअप शोधायला गेल्यावर कळले की रोजचा बॅकअप बरेच दिवस तयारच होत नव्हता आणि तो फसल्याची सूचना देणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने त्या कर्मचाऱ्याच्या माथी खापर न फोडता सगळा तपशील जाहीर केला.

कधी नावही बरोबर आणि यंत्रही बरोबर, पण समजूत चुकीची. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये तसे घडले. अनेकजण आपला ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेतात. मग जुन्या जागी त्याच नावाचा रिकामा फोल्डर उरतो, तो निष्कारण दिसू नये म्हणून अपडेटने काढून टाकायला सुरुवात केली. काहींच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये फाइल शिल्लक होत्या. त्याही गेल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच अपडेट थांबवले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिले. ‘रिकामा असेल तरच काढ’ हा जुना नियम अशाच प्रसंगासाठी होता.

पान उलटले आणि ओळ बदलली

क्योटोत काय झाले, ते आता समजायला सोपे जाईल. तिथला प्रोग्राम ‘बॅश’ या साधनाकडून चालवला जात होता. बॅश सगळा प्रोग्राम आधी वाचून घेत नाही. चालता चालता पुढचा भाग वाचत जातो. एखादा स्वयंपाकी वहीतल्या कृतीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत पदार्थ करतो, तसे. कंपनीने प्रोग्राममध्ये सुधारणा केली होती. त्यातली नावे अधिक समजतील अशी केली होती. ही सुधारित फाइल जुन्या फाइलच्या जागी ठेवली गेली, तेव्हा जुना प्रोग्राम अर्ध्यावर चालू होता. म्हणजे स्वयंपाक्याचे बोट तिथेच राहिले आणि खालचे पान बदलले. बोटापुढच्या ओळीत नव्या नावाचा डबा वापरायचा होता. तो भरण्याची ओळ तर वरच्या भागात, बोटाच्या मागे राहिली होती. डबा रिकामा. त्यामुळे ‘नोंदींच्या फोल्डरमधल्या दहा दिवसांहून जुन्या फाइल पुसा’ ही आज्ञा नोंदींऐवजी संशोधकांच्या मोठ्या साठ्यावर चालली. ३ डिसेंबरच्या संध्याकाळनंतर ज्यांना हात लागला नव्हता, अशा फाइल एकामागून एक गेल्या.

पाहणे आणि पुसणे यांच्यामधल्या क्षणात जग बदलू शकते, हा धोका जाणकारांनाही चकवतो. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या ‘रस्ट’ या भाषेतही अख्खा फोल्डर पुसणाऱ्या सोयीत जानेवारी २०२२ मध्ये असाच दोष सापडला. पुसायची वस्तू खरोखर फोल्डर आहे की दुसरीकडे नेणारा शॉर्टकट, हे प्रोग्राम आधी तपासत असे. पण तपासणी आणि पुसणे यांच्या मधल्या क्षणी कोणी तिथे शॉर्टकट आणून ठेवला, तर प्रोग्राम त्याच्या मागोमाग भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन तो पुसू शकत होता. हा दोष लगेच दुरुस्त करण्यात आला.

न पुसण्याचाही दंड

मग प्रोग्रामला पुसण्याची मुभाच देऊ नये का? याचे उत्तर मंगळावर मिळाले. नासाचे ‘स्पिरिट’ हे यान जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले आणि अडीच आठवड्यांतच त्याचा पृथ्वीशी संवाद विस्कळीत झाला. यानाचा संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत होता, पुन्हा बंद पडत होता. रात्री झोपी जाऊन बॅटरी वाचवणेही त्याला जमत नव्हते.

कारण फाइलमध्ये सापडले. प्रवासात आणि उतरल्यावर यानाच्या २५६ मेगाबाइटच्या फ्लॅश मेमरीत पुष्कळ फाइल साठल्या होत्या. सुरू होताना संगणक या सगळ्या फाइलची यादी कामाच्या मेमरीत आणत असे. यादी इतकी वाढली होती की तेवढी जागाच मिळेना, आणि संगणक कोलमडे. अभियंत्यांनी यानाला फ्लॅश मेमरीकडे न पाहता सुरू व्हायला सांगितले, पृथ्वीवरून आज्ञा पाठवून नको असलेल्या शेकडो फाइल पुसल्या आणि नंतर ती मेमरी नव्याने फॉरमॅट केली. तीन महिन्यांसाठी पाठवलेले हे यान पुढे २०१० पर्यंत संदेश पाठवत राहिले. वेळेवर न पुसल्यामुळे ते संकटात आले आणि जपून पुसल्यामुळे वाचले.

जपून पुसायचे कसे

अशा प्रत्येक अपघातानंतर व्यवसायात काही सवयी रुजल्या. पहिली सवय, नावाचा डबा रिकामा असेल तर प्रोग्रामने तिथेच थांबायचे. बॅशमध्ये यासाठी एका ओळीची सोय आहे, मात्र ती मुद्दाम चालू करावी लागते. दुसरी, ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर काहीही पुसायला नकार द्यायचा. २००६ पासून लिनक्सवरची ‘आरएम’ ही आज्ञा सगळ्या डिस्कच्या मुळावरच घाव घालायला सांगितले तर आपणहून नकार देते. तिसरी, काय काय जाणार आहे त्याची यादी आधी फक्त दाखवायची, पुसायचे काही नाही. ती यादी माणसाने पाहिल्यावर खरे काम. चौथी, लगेच न पुसता आधी बाजूच्या फोल्डरमध्ये हलवायचे आणि काही दिवस कोणी विचारत आले नाही की मगच पुसायचे. पाचवी, चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल जागच्या जागी बदलायची नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची सवय बॅकअपची. जो प्रोग्राम मूळ माहिती पुसू शकतो, त्याचा हात बॅकअपपर्यंत पोहोचता कामा नये. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानायचे नाही, त्यातून माहिती परत आणून पाहायची. क्योटो विद्यापीठानेही घटनेनंतर नुसती मूळ साठ्याची हुबेहूब प्रत ठेवण्याऐवजी आधीच्या दिवसांचे बदलही काही काळ जपण्याचे ठरवले. हुबेहूब प्रतीची अडचण अशी, की मूळ ठिकाणी जे पुसले जाते ते प्रतीतूनही नाहीसे होते.

आपल्या हातातला प्रोग्राम

हे सगळे महासंगणक चालवणाऱ्यांपुरते नाही. फोनमधली जागा मोकळी करणारी ‘क्लीनर’ ॲप हेच काम करतात. कोणती फाइल फालतू आणि कोणती मोलाची हे त्यांनाही फक्त नावावरून, आकारावरून आणि तारखेवरून ठरवावे लागते. आईच्या जुन्या सोनोग्राफीचा अहवाल आणि सणाच्या शुभेच्छांचे चित्र यात त्यांना फार फरक दिसत नाही. अशा ॲपने दिलेली यादी ‘ओके’ दाबण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालणे बरे.

फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर एका ठिकाणी डिलीट केलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणाहूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या टोपलीत ती ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते. म्हणून दवाखान्याचे अहवाल, घराची कागदपत्रे, लग्नाचे फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून तो काढून ठेवलेला बरा. जोडलेलाच राहिला तर स्टीमच्या त्या तक्रारदारासारखी गत होऊ शकते.

पेनड्राइव्हवरून किंवा कार्डावरून काही चुकून पुसले गेले, तर त्यावर नवे काहीही साठवू नये. नवा भाडेकरू आला नाही तोवर जुने सामान मिळण्याची आशा असते. आणि जुना फोन किंवा लॅपटॉप विकायचा असेल, तर नुसत्या फाइल डिलीट करून भागत नाही. फोन त्याच्या सेटिंगमधून पूर्ण रीसेट करावा, हार्ड डिस्क सगळी नव्याने लिहून पुसणाऱ्या प्रोग्रामने साफ करावी.

क्योटोतल्या त्या चार गटांची माहिती परत आली नाही. ज्या फाइल पुसायच्या होत्या त्यांचे नाव आणि ज्या पुसल्या गेल्या त्यांचे नाव यांत फरक होता तो एका रिकाम्या डब्याचा. तो भरला आहे की नाही, हे पाहायला एक ओळ पुरली असती.